पाऊस आला तेव्हा खत कुठे होते?

२०२५ च्या मे महिन्यात बारामती-इंदापुरात जो पाऊस कोसळला, तो कोणाच्याच हिशेबात नव्हता. नीरा डावा कालवा फुटला, ओढे पात्राबाहेर गेले, घरांत पाणी शिरले. त्या नुकसानीचे पंचनामे झाले. ज्या नुकसानीचा पंचनामा कधीच होत नाही, तिच्याविषयी इथे लिहायचे आहे. मे महिना म्हणजे आमच्या भागात नांगरून टाकलेल्या रानांचा महिना. ढेकळे तापत पडलेली असतात, आडसाली उसासाठी राखलेल्या रानात शेणखताच्या ट्रॉल्या रिकाम्या होत असतात, कुठे ढिगांच्या ओळी उभ्या असतात तर कुठे ते विस्कटून झालेले असतात. एरवी वळीव येतो, ढेकळे फोडतो आणि जातो. शेतकरी त्याची वाटच पाहत असतो. पण पावसाची सर थांबायचेच नाव घेत नाही, तेव्हा त्या उघड्या रानातून जे वाहून जाते ते नुसते पाणी नसते. काठावरून पाहणाऱ्याला ओढ्याचे पाणी गढूळ दिसते एवढेच. त्या गढूळपणात शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले शेणखत असते, वरची कसदार माती असते आणि मागच्या सालच्या डीएपीतला स्फुरदही असतो.

हे सगळे शेवटी जाते कुठे, हे पाहायचे तर नरसिंहपूरला जावे. पुणे जिल्ह्याचे हे आग्नेय टोक. लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळाच्या पायथ्याशी नीरा आणि भीमा एकत्र येतात आणि पुढे तेच पाणी चंद्रभागा होऊन पंढरपूरला जाते. दोन्ही नद्या सह्याद्रीतूनच उतरतात, पण संगमाला येईपर्यंत दोघींनी वाटेत काय काय गोळा केले याची कथा वेगळी आहे. भीमा पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन येते, ११७ टीएमसीच्या उजनी जलाशयात थबकते, तिथे बराच गाळ खाली बसवते आणि मग धरणातून सुटून नरसिंहपूरला पोचते. नीरेवर आणि तिच्या उपनद्यांवर भाटघर, वीर यांसारखी धरणे आहेत, पण ती वरच्या अंगाला. वीरच्या खाली तिचा प्रवास डाव्या-उजव्या कालव्यांच्या भिजवणीतून, उसाच्या पट्ट्यातून, साखर कारखान्यांच्या आणि गावांच्या शेजारून होतो. सोनगावला कऱ्हा तिला येऊन मिळते. उन्हाळ्यात बंधाऱ्यांत जे पाणी दिसते, त्यात सोडलेल्या पाण्याबरोबर रानातून पाझरून परत आलेलेही असते. कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी नीरेतही आहेच. तरी नीरेच्या बाबतीत पुण्याकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. नीरेच्या पाण्यात आमच्या शेतीचा वाटा आहे आणि तो मोजायला हवा.

हा वाटा किती छोट्या मापात मोजायचा असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ४६ टक्के स्फुरद असतो, म्हणजे २३ किलो. तो रसायनाच्या भाषेतला पी-टू-ओ-फाइव्ह. त्यातला मूळ फॉस्फरस साधारण १० किलो. पोत्याचा दहावा हिस्सा वाहून गेला तर गेला १ किलो फॉस्फरस. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही नासाडी दिसणारीही नाही, उसाच्या उताऱ्यात ती कळत नाही, खताच्या बिलातही नाही. पण साचलेल्या पाण्यात लिटरमागे दोन-तीन शतांश मिलिग्रॅम फॉस्फरस झाला की शेवाळ माजू लागते. म्हणजे तो एक किलो सुमारे सव्वातीन ते पाच कोटी लिटर पाणी हिरवे करायला पुरतो. शेतात जे नगण्य, ते बंधाऱ्यात भारी. म्हणून "आमचे खत महाग आहे, आम्ही ते वाया कशाला घालवू?" हा शेतकऱ्याचा प्रश्न प्रामाणिक असूनही पुरा पडत नाही. नत्राची गोष्ट वेगळी. तो नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातो आणि विहिरीत, बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या बाळाच्या रक्तावर त्याचा परिणाम होतो म्हणून ही मर्यादा आहे. वस्तीवरच्या ज्या विहिरीवर ऊस भिजतो, तिचेच पाणी पुष्कळदा घरातही येते.

इथे शेतकऱ्यांचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. महानगरांचा मैला वर्षानुवर्षे नदीत सुटतो, उजनीच्या काठी भिगवणपासून खालपर्यंत जलपर्णी माजते, पाण्याला हिरवा तवंग येतो आणि पाप मात्र बांधावरच्या माणसाच्या पोत्यात शोधायचे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले होते आणि भीमा त्यांत होती. ती यादी मुख्यतः सांडपाण्याची कहाणी सांगते. आम्हांला हे मान्य आहे. शहरांनी आपले पाणी शुद्ध केल्याशिवाय शेतकऱ्याला उपदेश करण्याचा त्यांना अधिकार नाही. मात्र एक जुनी गोष्ट आठवावीशी वाटते. इंग्रजी अमदानीत पुणे नगरपालिका मैल्यापासून केलेले सोनखत विकत असे आणि कालव्यावरचे उसाचे बागायतदार ते विकत घेत. तेव्हा शहराची घाण शेताचे अन्न होती. शहरातून आलेला नत्र-स्फुरद उसात जायचा, नदीत जाण्याआधी. आज तोच स्फुरद नळाने नदीत सोडला जातो आणि शेतकरी डीएपी घेतो, ज्याचा कच्चा माल परदेशातून येतो. शहर आणि शेत यांचे हे तुटलेले नाते हा मोठा विषय आहे. शहर चुकले म्हणून शेताच्या वाट्याची तपासणी टाळता येत नाही, एवढेच इथे म्हणायचे आहे.

आता शेणखताकडे वळू. त्याच्या बाजूने जे बोलले जाते ते खरे आहे आणि पुरेसे बोललेही जात नाही. आमच्या जमिनींतला सेंद्रिय कर्ब पुष्कळ ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली रेंगाळतो. कर्ब वाढला की मातीचे कण एकमेकांना धरतात, पावसाचा थेंब त्यांना सहज फोडू शकत नाही, पाणी वरून पळण्याऐवजी आत मुरते. म्हणजे वर्षानुवर्षे शेणखत पडलेल्या रानातून पाणी आणि माती दोन्ही कमी वाहतात. शेणखतातला नत्र सावकाश सुटतो, पहिल्या हंगामात त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पिकाला मिळतो, त्यामुळे तो युरियासारखा एका भिजवणीत निसटत नाही. बारामती-इंदापूर-फलटण पट्ट्यातले धनगर मेंढ्या रानात बसवतात, आणि त्यासाठी शेतकरी त्यांना धान्य-पैसा देतो, ते काही उगाच नाही. लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी मातीत, वाहतुकीचा खर्च नाही. एवढी सुटसुटीत खत-व्यवस्था कोणत्याही प्रयोगशाळेने शोधलेली नाही.

पण शेणखत निरुपद्रवी आहे ही समजूत सोडावी लागेल. आडसाली उसाला हेक्टरी २५ ते ३० टन शेणखत आणि त्यावर ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद, १७० किलो पालाश, अशी शिफारस आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरला तर ३० टनांत १५० किलो नत्र आणि साधारण ६०-७० किलो स्फुरद येतो. युरोपीय संघाने १९९१ च्या नायट्रेट निर्देशात जनावरांच्या खतातून जास्तीत जास्त १७० किलो नत्र प्रतिहेक्टर, अशी मर्यादा घातली आहे. त्या मर्यादेच्या जवळ आपण शेणखतानेच पोचतो, आणि पोत्यातले खत त्यानंतर सुरू होते. अर्थात आमचा आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, त्याचे टनेजही मोठे असते, तेव्हा नुसती आकड्याशी आकडा लावून तुलना अन्यायाची ठरेल. पण शेणखतातला स्फुरद पोत्यातून वजा करायचा असतो, हे कितीजण करतात? उलट, ज्याच्याकडे शेणखत भरपूर तोच डीएपीही भरपूर टाकतो, कारण त्याच्याकडे ऐपत आहे.

कोंबडीखताचा हिशेब आणखी बिकट आहे. बारामती परिसरात पोल्ट्रीचे शेड वाढले, तसे हे खत उसात आणि फळबागांत येऊ लागले. त्यात नत्र सुमारे ३ टक्के आणि स्फुरद अडीच टक्क्यांच्या वर. उसाला नत्र हवा स्फुरदाच्या सव्वादोन-अडीच पट, आणि या खतात दोन्ही जवळजवळ बरोबरीने. ४०० किलो नत्राची गरज कोंबडीखताने भागवायला गेलो तर स्फुरद गरजेच्या दुपटीवर जाईल. कारखान्याच्या प्रेसमडमध्येही स्फुरद भरपूर असतो. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी स्फुरदाला धरून ठेवतात, पिकाला तो सहजी देत नाहीत, म्हणून माती परीक्षणात 'स्फुरद कमी' असा शेरा येतो आणि शेतकरी आणखी टाकतो. धरून ठेवलेला स्फुरद मातीच्या कणाला चिकटलेला असतो. कण जागेवर आहे तोवर ठीक. कण वाहिला की स्फुरदही वाहिला.

म्हणून प्रश्न मशागतीवर येतो. नांगराविरुद्ध बोलणे सध्या सोपे झाले आहे, म्हणून आधी त्याची बाजू. उन्हाळी खोल नांगरटीने हुमणीच्या अळ्या वर येतात, बगळे-कावळे त्या वेचतात. ज्याचा ऊस हुमणीने उभा वाळला आहे त्याला नांगरू नको म्हणून सांगण्याची आमची हिंमत नाही. रोटरच्या वारंवार वापराने खाली जो घट्ट थर होतो, तो फोडायलाही काही तरी आत घालावेच लागते. शेणखत मातीआड करायचे तर मशागत हवी. नांगरलेल्या रानाच्या खडबडीत ढेकळांत पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी साठून मुरते, हेही खरे.

दुसऱ्या बाजूला जे आहे, त्याचे मोजमाप आपल्याच शेजारी झालेले आहे. पावसाने शेतातून किती पाणी आणि किती माती जाते, हे भारतात पहिल्यांदा पद्धतशीर मोजले गेले ते सोलापूरला, १९३० च्या दशकात, एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांत. दख्खनच्या काळ्या रानात पाऊस कमी असूनही धूप मोठी का, याचा शोध तिथे सुरू झाला. उत्तर पुढच्या सगळ्या अभ्यासांनी पक्के केले. आमचा पाऊस थोडा पडतो, पण ठोकून पडतो. वर्षभरातले निम्मे नुकसान दोन-चार जोरदार पावसांत होऊन जाते. त्या दिवशी जमीन उघडी आहे की झाकलेली, यावर सारे ठरते. रोटरने पिठासारखी केलेली माती पहिल्या माऱ्यात बसते, वर पापुद्रा धरते, आणि पुढचे पाणी तिच्यावरून काचेवरून जावे तसे जाते. ढेकळे विरघळली की नांगराचाही फायदा संपला. आणि मे महिन्यात काळ्या जमिनीला ज्या भेगा पडतात, त्यांतून खताचे पाणी थेट खाली उतरते, मुळांच्या थराला न विचारता.

तर मग नांगर बंद करावा का? कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षे उसात नांगरणीशिवाय शेती मांडत आले आहेत. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी सुरू केलेल्या एसआरटी पद्धतीत गादीवाफे एकदा केले की मोडायचे नाहीत, मुळे जागेवर कुजू द्यायची. दोघांनीही मातीची धूप थांबवण्याचे आणि कर्ब वाढवण्याचे काम स्वतःच्या रानात करून दाखवले. आमचे मन त्यांच्या बाजूने झुकते. पण झुकताना एक धडा डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे, कारण तो फार महाग पडलेला धडा आहे.

अमेरिकेत एरी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत नांगरट कमी केली. मातीला चिकटून जाणारा स्फुरद घटला, सरोवर सुधारले, सगळ्यांनी समाधान मानले. मग ९० च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला स्फुरद वाढू लागला. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात शेवाळाचे विष सापडले आणि चार लाखांहून अधिक माणसांना पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. कारणे एकापेक्षा जास्त होती. पण त्यातले एक मोठे कारण असे, की नांगर थांबला तरी खत वरून फेकणे थांबले नव्हते. दरवर्षीचे खत वरच्या दोन इंचांतच साचत गेले, माती हलली नाही म्हणून खाली गेले नाही, आणि पाऊस ते विरघळवून घेऊन गेला. जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळांनी त्याची वाट आणखी सोपी केली. नांगर गेला, पण नांगर जे एक काम नकळत करत होता, खत मातीआड करण्याचे, ते कोणी केले नाही.

नांगर की बिननांगर, शेणखत की युरिया, ही भांडणे आमच्या मते दुय्यम आहेत. पहिला जोराचा पाऊस आला त्या दिवशी खत कुठे होते, हा खरा प्रश्न. ते मातीच्या वर होते की आत, आणि मातीच्या वर काही पांघरूण होते की नाही? या एका कसोटीवर दोन्ही पक्षांचे खरे-खोटे पारखता येते.

या कसोटीला पुरेपूर उतरणारी पद्धत परदेशातून आणायची गरज नाही, ती आमच्या खोडव्यात आहे. ऊस तुटला की पाचट पेटवायचे नाही, ते सरीत दाबायचे किंवा कुट्टी करायची. हेक्टरी साडेसात ते दहा टन पाचट निघते. त्यात ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश असतो, आणि कर्ब तर टनांत मोजण्याइतका. बगला फोडायच्या नाहीत. खत द्यायचे ते पहारीने. बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीने वीतभर खोल भोक पाडायचे, त्यात खत टाकायचे, दुसरा हप्ता चार-साडेचार महिन्यांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. नीरेकाठच्या पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने, ज्याने को ८६०३२ या वाणाला 'नीरा' हेच नाव दिले, ही पद्धत वर्षानुवर्षे सांगितली आहे. वर पाचटाचे पांघरूण, खाली वीतभर खोल खत, मधली माती न हललेली. मॉमीच्या शेतकऱ्याला जे कोडे सुटले नाही, ते इथे एका पहारीने सुटते.

मग सगळेच तसे का करत नाहीत? कारण पहार मारायला माणूस लागतो. उभ्या उन्हात एकरभर खोडव्यात पहार मारणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर त्यांची मजुरी खताच्या बचतीएवढी होते. पाचटावरून युरिया फेकून पाणी सोडणे हे तासाभराचे काम. त्यातला नत्र निम्मा हवेत आणि पाण्यात गेला तरी युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. इतकी स्वस्त वस्तू जपून वापरावी असे कोणाला वाटेल? डीएपी १,३५० रुपयांना पडतो, तिथे हात जरा आखडतो. अनुदानाने युरिया स्वस्त केला, आणि स्वस्ताईने त्याची किंमत शेतकऱ्याच्या मनातूनही काढून घेतली. यात शेतकऱ्याचा दोष आम्हांला दिसत नाही. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, गोणी ५० वरून ४५ किलोची झाली, पण टाकण्याची पद्धत तीच राहिली.

मजुराच्या प्रश्नावर उत्तरही बारामतीतूनच आले आहे. माळेगावला २००९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खोडव्यासाठी 'सोर्फ' नावाचे ट्रॅक्टरचलित यंत्र विकसित केले. पाचट असलेल्या रानातच ते बुडखे छाटते, बगला कापते, जुनी मुळे तोडते आणि खत पाचटाखाली मातीत पेरते. पहारीचे काम यंत्राने. पण यंत्र घेण्याची ऐपत एकट्या दोन-तीन एकरवाल्याची नाही आणि त्याच्या अरुंद सरीत ते फिरतही नाही. हे काम कारखान्यांचे आहे. इंदापूर-बारामतीत सहकारी कारखान्यांचे ऊस विकास विभाग आहेत, बेणे देतात, खते उधारीवर देतात, तोडणीचे वेळापत्रक त्यांच्या हातात आहे. उधारीवर गोणी देणाऱ्याने ती गोणी मातीआड घालणारे यंत्रही भाड्याने द्यावे, ही मागणी अवाजवी नाही. ठिबकवाल्याला तर हा प्रश्न निम्माच उरतो, तो खत पाण्यातून, थोडेथोडे, मुळाशी देतो. पण ठिबक नसलेला, रात्री दारे धरणारा, आवर्तनाची वाट पाहणारा टेलचा शेतकरी हाच या प्रश्नाचा मुख्य माणूस आहे. पाटाला पाणी आले की त्याला ते मिळेल तेवढे घ्यावे लागते, वाफसा पाहून नव्हे. सरीच्या शेवटून सुटलेले त्याचे पाणी ओढ्याला लागते, आणि पाऊस नसतानाही खत वाहते. आवर्तनाची खात्री नसेल तर खताची शिस्तही येणार नाही. पाटबंधारे खात्याचे वेळापत्रक हेसुद्धा नदीच्या प्रदूषणाचे एक कारण आहे, हे कोणी तरी स्पष्ट म्हणायला हवे.

पाचटाविषयीच्या तक्रारीही उडवून लावू नयेत. पाचटात पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, हुमणीची भीती वाटते. पाणी सरकण्याची अडचण सुरुवातीच्या भिजवणीत खरी आहे आणि पाचट एक सरी आड ठेवून ती कमी करता येते. हुमणीची भीती अर्धवट कुजलेल्या शेणखताबाबत जास्त खरी आहे. उकिरड्यावर उघडे पडलेले, पावसाने धुतलेले शेण तसेच रानात नेले की त्यातून अळी येते, आणि त्याचा कसही उकिरड्यावरच सांडलेला असतो. म्हणजे वाहून जाण्याची सुरुवात रानात होत नाही, गोठ्यामागे होते. उकिरड्याला छप्पर नाही तर निदान पाचटाचे झाकण आणि भोवती हातभर मातीचा बांध, एवढे केले तरी ओढ्यापर्यंतची एक वाट बंद होते. दुधाच्या धंद्याने ज्या गावांत दारोदारी गाई आणल्या, तिथे हे काम ग्रामपंचायतीने रोजगार हमीतून करायला काय हरकत आहे?

एका ठिकाणी मात्र आमचा तराजू खरोखर डळमळतो. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला तो दुष्काळाच्या धाकाने. पाणी आले, ऊस आला, आणि मागोमाग चिबड आणि खारवट जमीन आली. दख्खनच्या कालव्यांवरच्या पाणथळ जमिनींचा अभ्यास इंग्लिस आणि गोखले यांनी १९२० च्या दशकातच केला होता. आज क्षारपड रानाला वाचवायचे तर जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागतो, आणि ज्यांनी तो केला त्यांचे रान पुन्हा पिकू लागले. पण त्या पाइपातून क्षाराबरोबर नायट्रेटही ओढ्यात जातो, मुरण्याचा, गाळला जाण्याचा टप्पा वगळून. मॉमीत स्फुरदाच्या बाबतीत हेच झाले. मग निचरा नको म्हणावे? ज्याची दोन एकर जमीन पांढरी पडली आहे त्याला नदीसाठी थांब म्हणणे निर्दयपणाचे होईल. निचरा हवाच. पण निचऱ्याच्या रानात युरिया एकदम न टाकता हप्त्यांत द्यावा, आणि पाइपाचे तोंड थेट ओढ्यात न सोडता गवत, वाळा, पाणकणीस असलेल्या चरातून फिरवून सोडावे, एवढी अट अनुदानाला जोडता येईल. चराला पाच-सात गुंठे जागा जाईल. ती कोणाची जायची, हा वाद बांधावर होईल हे आम्ही जाणतो, आणि त्याचे तयार उत्तर आमच्यापाशी नाही.

सरकारकडे मागणे एवढेच आहे की मोजा. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका निघतात, त्यांत रानाचा स्फुरद लिहिलेला असतो. पण त्या रानाखालच्या ओढ्याचा स्फुरद कोणाच्या पत्रिकेत नसतो. नरसिंहपूर ही त्यासाठी नैसर्गिक जागा आहे. संगमाच्या वर नीरेचे पाणी वेगळे आणि भीमेचे वेगळे, जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला आणि मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी घेतले, त्यात मातीला चिकटलेला स्फुरद किती आणि विरघळलेला किती हे वेगवेगळे तपासले, तर पाच वर्षांत शहर आणि शेत यांच्या वाट्याचे भांडण अंदाजावरून पुराव्यावर येईल. माळेगावची संस्था, बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र, पाडेगावचे संशोधन केंद्र ही सगळी एका दिवसाच्या फेरीत येतात. आणि मोजणी झाल्यावर दोष शेतकऱ्याच्या वाट्याला जास्त निघाला, तर तो आम्ही याच ठिकाणी छापू.

तोवर ज्याच्या हातात फावडे आहे त्याच्यासमोर प्रश्न एका आठवड्याचा आहे. आषाढात तुकोबांच्या पादुकांना सराटीला नीरास्नान घडते, आणि त्याच्या आगेमागे या भागात आडसालीच्या सऱ्या सुटू लागतात. लागणीचे खत टाकायचे, ढिगातले शेणखत सरीच्या तळाशी ओढायचे आणि मातीआड करायचे, की आभाळ पाहून ट्रॉली आणखी चार दिवस गोठ्यापाशी झाकून ठेवायची, हे त्या आठवड्यात ठरते. सराटीपासून नरसिंहपूर नदीच्या वाटेने फार लांब नाही.